बिननावाचा अंगठा

उंबरमाळीच्या फलाटावर लोकलची वाट पाहणारा तरुणही आता मोबाईलवर जगभरच्या चर्चांचा निवाडा करतो. पटले तर अंगठा वर, नाही पटले तर खाली. या अंगठ्यांची बेरीज-वजाबाकी होऊन माणसाच्या नावापुढे गुण चिकटतात. जास्त गुणांचा शब्द वर चढतो, उणे गुणांचा तळाला जातो किंवा झाकला जातो. काही लोक याला चर्चेतली लोकशाही म्हणतात. आम्हाला ते मान्य नाही.

माणसाची विश्वासार्हता तोलूच नये, असे आमचे म्हणणे नाही. ते शास्त्र मुसलमानांनी शतकानुशतके जोपासले आहे. हदीस सांगणारा खरे बोलतो का, त्याची स्मरणशक्ती कशी, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो भेटला होता का, याची छाननी अस्मा-उर्-रिजालच्या ग्रंथांत आहे. कोणी ‘सिका’ म्हणजे भरवशाचा ठरला, कोणी ‘जईफ’. पण ठरवणारा नावानिशी बोलत असे, आणि दोष काढणाऱ्याने कारण द्यावे असा बहुतेक जाणकारांचा आग्रह होता. नुसती डोकी मोजून रावी खरा-खोटा ठरला नाही.

निवडणुकीतले मतही गुप्तच असते, असे कोणी म्हणेल. असते, पण तिथे आपण प्रतिनिधी निवडतो, एखादे म्हणणे खरे की खोटे हे ठरवत नाही. ग्रामसभेत हात वर करणारा सर्वांना दिसतो. ‘का रे बाबा, विरोध का?’ असे त्याला तोंडावर विचारता येते. अंगठेवाल्याला कोण विचारणार?

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत विधान भवनावर मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला. तोंडी तलाक बंद करा, ही त्यांची एक मागणी. मोर्चात स्त्रिया किती? सात! त्या दिवशी अंगठे मोजले असते, तर ती मागणी तिथेच गाडली गेली असती. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. तो निकालही तीन विरुद्ध दोन अशा बहुमताचाच. पण पाचही न्यायमूर्तींची मते कारणांसह, नावानिशी नोंदली आहेत. फरक आहे तो इथेच.

बहुसंख्यांच्या चर्चेत आमचा शब्द उणे गुणांखाली दडपला जातो, ही आमची तक्रार खरी आहे. पण आमच्यातला कोणी वेगळे बोलला की आम्हीही तोच अंगठा उगारतो. तो आधी आवरू या. खाली अंगठा दाबण्यापूर्वी कारणाची एक ओळ लिहू आणि खाली आपले नाव घालू. तेवढी हिंमत नसेल, तर समोरच्याचे गुण कापण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?