वर्गणीचे घर, बाजारातील वास्तू

इंग्लंडच्या ग्रामीण भागातील एखादे जुने घर विक्रीस निघाले की दलालांच्या जाहिरातीत ‘ऐतिहासिक’ हे विशेषण हटकून येते. जाड भिंती, जुनी शेकोटी, मागे बाग, पुढे हिरवे कुरण आणि या साऱ्याला साजेशी किंमत! ऑक्सफर्डशायरमधील मिन्स्टर लव्हेल, वुस्टरशायरमधील डॉडफर्ड, ग्लॉस्टरशायरमधील स्निग्ज एंड, हर्टफर्डशायरमधील हेरन्सगेट येथील काही बैठी घरे अशीच अधूनमधून बाजारात येतात. त्यांची ओळख ‘चार्टिस्ट कॉटेज’ अशी करून दिली जाते. गिऱ्हाइकाच्या लेखी ते केवळ शोभेचे शब्द असतील. समाजवादी कार्यकर्त्याने मात्र त्यांच्यापाशी थांबले पाहिजे, कारण ही घरे कोणा सरदाराने वा जमीनदाराने बांधलेली नाहीत. गिरण्यांत आणि हातमागांवर राबणाऱ्या माणसांच्या पै-पैच्या वर्गणीतून ती उभी राहिली आहेत.

१८३४ च्या नव्या दरिद्री कायद्याने इंग्लंडमधील निराधार श्रमिकापुढे वर्कहाउसचा दरवाजा उघडा ठेवला आणि बाकीचे दरवाजे बंद करत आणले. १८३८ मध्ये ‘जनतेची सनद’ प्रसिद्ध झाली. सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार, गुप्त मतदान, लोकप्रतिनिधींना वेतन अशा सहा मागण्या तिच्यात होत्या. त्यांच्या पाठीशी लक्षावधी सह्यांचे अर्ज गेले आणि पार्लमेंटने ते फेटाळले. अशा वेळी चळवळीचे नेते फर्गस ओकॉनर यांनी १८४५ मध्ये जमीन योजना मांडली. कामगारांनी वर्गणी काढावी, त्या पैशातून मोठ्या जमिनी विकत घ्याव्यात, त्यांचे दोन, तीन वा चार एकरांचे तुकडे पाडून प्रत्येकावर घर बांधावे आणि सोडत काढून ते सभासदांना द्यावेत, असे तिचे स्वरूप होते. एका भागाची किंमत १ पौंड ६ शिलिंग होती. शेतमजुराला आठवड्याला आठ-दहा शिलिंग मिळत असताना ही रक्कम हप्त्याहप्त्यानेच भरावी लागे. तरीही सुमारे ७०,००० माणसे सभासद झाली.

१८४७ च्या १ मे रोजी हेरन्सगेटची पहिली वसाहत खुली झाली आणि ‘ओकॉनरव्हिल’ या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढच्या दोन वर्षांत आणखी चार वसाहती उभ्या राहिल्या. मधोमध स्वयंपाकाची व बसण्याउठण्याची खोली, दोन्ही अंगांना एकेक निजायची खोली आणि मागे डुकरांचा गोठा, सरपण व धुणीभांडी यांची सोय, असा घराचा साधा आराखडा होता. वसाहतीत मुलांसाठी शाळा असे. हेरन्सगेटमध्ये दारूला मज्जाव होता, म्हणून कोणा व्यवहारचतुराने हद्दीला लागून गुत्ता थाटला. ‘स्वातंत्र्य, शांतता आणि सुबत्तेची भूमी’ अशा अर्थाचे भरघोस नाव त्याने आपल्या दुकानाला दिले. काळाचा विनोद असा की वसाहत बुडाली, पण ते नाव टिकले.

वसाहत का बुडाली, याचे उत्तर बहुधा टवाळीच्या सुरात दिले जाते. विणकराला शेती कळत नव्हती, दोनचार एकरांत कुटुंब पोसत नाही आणि ओकॉनर हे गर्जना करणारे वक्ते असले तरी हिशेबाचे कच्चे होते, असे सांगितले जाते. यात तथ्य आहेच. सुमारे ७०,००० सभासदांपैकी जेमतेम अडीचशे कुटुंबांना जमीन मिळाली, हे गणितही निष्ठुर आहे. तथापि डॉडफर्डच्या शेतकऱ्यांनी पुढे स्ट्रॉबेरीची लागवड करून बर्मिंगहॅमचा बाजार गाठला, तेव्हा योजना मुळातच वेडेपणाची होती असे म्हणता येणार नाही. खरे दुखणे मालकीत होते. कंपनीची कायदेशीर नोंदणी कधीच पूर्ण झाली नाही. मित्रसंस्थांच्या कायद्याने तिला आश्रय दिला नाही आणि भागभांडवली कंपनी म्हणून नोंदवायचे तर हजारो सभासदांच्या दस्तऐवजांचा खर्च पेलवेना. परिणामी जमिनी ओकॉनर यांच्या व्यक्तिगत नावावर घेतल्या गेल्या. १८४८ मध्ये पार्लमेंटच्या समितीने चौकशी केली. हिशेबांत गोंधळ आढळला, अफरातफर मात्र आढळली नाही; उलट कंपनीच ओकॉनर यांचे देणे लागत होती. १८५१ मध्ये कायदा करून कंपनी गुंडाळण्यात आली. ओकॉनर यांचे मन ढळले आणि १८५५ मध्ये त्यांचा अंत झाला. जमिनी गहाणदारांच्या आणि खरेदीदारांच्या हाती गेल्या. पैसा हजारोंचा होता, पण ‘ही जमीन आमची’ असे न्यायालयात म्हणू शकेल अशी हजारोंची संस्थाच अस्तित्वात नव्हती.

याचा इशारा चळवळीतूनच मिळाला होता. ब्राँटेर ओब्रायन हे जमिनीच्या राष्ट्रीयीकरणाचे पुरस्कर्ते. कामगाराला जमिनीचा तुकडा देऊन छोटा मालक बनवले तर तो आपल्या वर्गापासून तुटेल, असा त्यांचा आक्षेप होता. तो पूर्णांशाने न्याय्य नव्हता. वर्कहाउसच्या छायेत जगणाऱ्याला स्वतःच्या छपराची ओढ वाटली तर त्यात पाप कसले? पण त्या आक्षेपातला गाभा इतिहासाने खरा ठरवला. जे घर खाजगी मालमत्ता म्हणून हाती पडते, ते एका पिढीत निवारा असते आणि पुढच्या पिढ्यांत माल बनते.

आज ही घरे सुस्थितीत आहेत आणि त्यांचे श्रेय त्यांच्या मालकांना नाकारण्याचे कारण नाही. डॉडफर्डमधील ‘रोझडीन’ हे घर नॅशनल ट्रस्टने घेऊन मूळ स्वरूपात जतन केले, हेही स्तुत्यच. अनेक घरांना संरक्षित वास्तूचा दर्जा आहे. तो कायदा खिडकीची चौकट बदलू देत नाही. मात्र त्या खिडकीआड कोण राहू शकतो, याची विचारपूस तो करत नाही. शेतमजूर, परिचारिका, शाळेतील स्वयंपाकीण यांपैकी कोणाला हे घर परवडेल काय? १९९७ मध्ये इंग्लंडमध्ये मध्यम किमतीचे घर पूर्णवेळ कामगाराच्या वार्षिक मिळकतीच्या सुमारे साडेतीन पट किमतीला मिळे; २०२३ मध्ये ते प्रमाण आठ पटींच्या वर गेले होते. गावोगाव सुट्टीतल्या घरांची संख्या वाढली, तेव्हा दुय्यम घरांवर दुप्पट स्थानिक कर बसवण्याची मुभा एप्रिल २०२५ पासून तेथील नगरपालिकांना द्यावी लागली.

चार्टिस्टांची कहाणी अपवादात्मक असती तर ती पुस्तकात मिटून ठेवता आली असती. पण तिची पुनरावृत्ती फार मोठ्या प्रमाणावर झाली. मजूर पक्षाच्या राजवटींत आणि त्याआधीही नगरपालिकांनी सार्वजनिक पैशातून लक्षावधी घरे बांधली. १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने थॅचर सरकारने ती भाडेकरूंना सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. इंग्लंडमध्ये सुमारे २० लाख घरे अशी सार्वजनिक मालकीतून गेली. घेणाऱ्या कुटुंबांना स्थैर्य लाभले, हे खरे. पण त्यांच्यामागून येणाऱ्या भाडेकरूचे घर नाहीसे झाले, हेही तितकेच खरे.

याच्या उलट उदाहरण हेरन्सगेटच्याच परगण्यात आहे. लेचवर्थ हे उद्याननगर १९०३ मध्ये एबेनेझर हॉवर्ड यांच्या कल्पनेतून वसवले गेले. तेथे जमिनीची मालकी एका संस्थेकडे राहिली आणि रहिवाशांना दीर्घ मुदतीचे पट्टे मिळाले. १९६० च्या सुमारास एका खाजगी कंपनीने समभाग खरेदी करून ती संस्थाच ताब्यात घेतली. रहिवासी आणि नगरपालिका यांनी लढा दिला, आणि १९६२ मध्ये पार्लमेंटला स्वतंत्र कायदा करून ती मालमत्ता सार्वजनिक महामंडळाकडे सोपवावी लागली. आज तिचे उत्पन्न एका धर्मादाय प्रतिष्ठानामार्फत नगरासाठी खर्च होते. लेचवर्थचे लोक अधिक सद्गुणी होते असे नाही. त्यांच्यापाशी लढण्यासाठी पट्टा होता, संस्था होती, दप्तर होते.

इंग्लंडमधील सामुदायिक भूमी न्यास हीच वाट चोखाळत आहेत. २००८ च्या कायद्याने त्यांची व्याख्या केली आहे. जमीन न्यासाची आणि घर परवडेल अशा दराने गरजूचे, हे त्यांचे सूत्र आहे. एखादे चार्टिस्ट घर पुन्हा विक्रीस निघाले तर ते अशा न्यासाकडे जावे आणि त्यात स्थानिक कामगार राहावा, यापेक्षा उचित स्मारक दुसरे कोणते असणार?

चळवळी वर्गण्या गोळा करतात, वास्तू बांधतात, कोनशिलेवर नावे कोरतात. उद्घाटनाच्या दिवशी खरेदीखत कोणाच्या नावावर आहे हे विचारणारा कार्यकर्ता अरसिक ठरतो. चार्टिस्टांच्या त्या ७०,००० सभासदांत असे काही अरसिक अधिक निघाले असते, तर मिन्स्टर लव्हेलच्या कुरणाकाठची ती तीन खोल्यांची घरे आज दलालाच्या जाहिरातीत दिसली नसती.