किलोवर विकाल, तर किलोचाच भाव मिळेल



मागच्या आठवड्यात शिरोली एमआयडीसीतल्या माझ्या दुकानात एक फाउंड्रीवाले काका ग्राइंडिंग व्हील न्यायला आले. म्हणाले, "किलोमागं दोन रुपये सोडले, तेव्हा कुठं ऑर्डर राहिली." शेजारी त्यांचा इंजिनिअर झालेला मुलगा उभा होता. तो एवढंच बोलला, "म्हणूनच मी पुण्याला चाललोय."

ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून आज जरा लांबचं उदाहरण घेतो.

फ्रान्समध्ये बाकारा नावाचं गाव आहे. तिथं १७६४ पासून काचेचं काम चालतं. तिथले डिकँटर, म्हणजे मद्य ओतून ठेवायच्या क्रिस्टलच्या देखण्या बाटल्या, जगभर जातात. काहींची किंमत लाखाच्या घरात. भट्टीचं तापमान? १४०० अंशांच्या आसपास, आपल्या भट्टीसारखंच. कच्चा माल वाळू, पोटॅश आणि शिशाचं ऑक्साइड. वाळू तर आपल्याकडंही ढिगानं आहे!

मग फरक कुठं पडतो? एक कारागीर नळीनं फुंकून आकार देतो, दुसरा चाकावर नक्षी कापतो. बूच त्याच बाटलीच्या तोंडाला घासून बसवतात. बुडबुडा दिसला की माल बाद. लुई तेरावा या कोन्याकच्या डिकँटरवर तर प्रत्येकाचा वेगळा नंबर असतो. गिऱ्हाईक काचेचं वजन विचारत नाही.

'ते फ्रान्सला जमतं' असं म्हणू नका. कराडजवळ ओगलेवाडीत ओगले बंधूंनी १९१६ साली काच कारखाना काढला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील नावानं ओळखला गेला. पुढं घरोघरी वीज आली, कारखानाही बंद पडला. नाव म्हणजे अमरपट्टा नव्हे. पण नाव होतं, म्हणून आज आपण बोलतोय.

आता तुम्ही म्हणाल, "सर, रेट मोठी कंपनी ठरवते. आमचं कोण ऐकतंय?" खरं आहे. मीसुद्धा बीबीएला प्राइसिंग शिकलो आणि दुकानात पहिली तीन वर्षं शेजारच्यापेक्षा रुपया कमी एवढंच केलं. हातात काही उरलं नाही.

पण एक बघा. हीट नंबर तुमच्या कास्टिंगवरही असतो. तिकडं नंबर अभिमानानं दाखवतात. आपण तो कधी शोधतो? तक्रार आल्यावर!

माझं स्पष्ट मत आहे, आपलं कौशल्य कमी नाही, आपण ते कोटेशनमध्ये लिहीतच नाही. पुढच्या कोटेशनमध्ये किलोचा रेट एका ओळीत ठेवा. मशीनिंग, टेस्टिंग, पॅटर्नची देखभाल वेगवेगळ्या ओळींत लिहा. तुम्ही स्वतःहून काय बाद करता, तेही लिहा. सगळे मान्य करणार नाहीत. दहातल्या एकानं विचारलं, तरी बोलणं वजनावरून कामावर आलं.

आणि काका, पोरगं पुण्याला जाण्याआधी त्याला रेट सांगत बसू नका. एक दिवस भट्टीजवळ उभं करा आणि तुम्ही कुठला माल बाद करता, का करता, ते दाखवा.