आठवं की दहावं?

'रोलिंग स्टोन'ने २०२१मध्ये ५०० सर्वश्रेष्ठ गाण्यांची यादी नव्याने लावली. या शतकातल्या गाण्यांत सर्वांत वर, आठव्या क्रमांकावर, मिसी एलियटचं २००१चं 'गेट अर फ्रीक ऑन'. संगीतनिर्माता टिंबलँडने त्यात पंजाबी तुंबीच्या मोजक्या सुरांवर अख्खं गाणं तोललंय. मानलं बुवा! तरी आमचं मत आउटकास्टच्या 'हे या!'लाच. ठेका असा की पाय आपोआप हलावेत, शब्द मात्र तुटत चाललेल्या नात्याचे. नाचणाऱ्यांच्या ते लक्षातही येत नाही. यादीत त्याला दहावं बसवलंय. २००४मध्ये याच मासिकाने पहिलं ठरवलेलं डिलनचं 'लाइक अ रोलिंग स्टोन' आता चौथं आहे. गाण्यातला एक सूरही बदललेला नाही. तुमची पाच गाणी जरूर कळवा, क्रमांक न घालता.