रातांब्याचा हंगाम आणि स्वागताचा पेला

लग्नाचा मेनू ठरवताना यजमानांशी तास-तासभर बोलणी होतात. जिलेबी की मुगाचा हलवा, भाज्या दोन की तीन, यावर खल होतो आणि वेलकम ड्रिंकचा विषय मात्र ‘ते तुम्ही बघा’ एवढ्यावर मिटतो. मग आपणही बाटलीतले निळे-हिरवे सिरप आणि सोडा यांवर वेळ मारून नेतो. मांडवात शिरलेल्या पाहुण्याच्या हाती पडणारा आपला पहिला पदार्थ हाच असतो. आपल्या बहुतेक मंगलकार्यांत मद्याला जागा नसते. समारंभाचा थाट या पेल्यानेच राखायचा असतो. म्हणून त्याची तयारी पक्वान्नाइतक्याच मन लावून व्हावी, असा आमचा आग्रह आहे.

कोकणात आता रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकू लागतील. सोड्याबरोबर कोकमासारखे दुसरे फळ नाही. त्याला स्वतःचा आंबटपणा आहे, रंग आहे आणि नीट गाळले तर त्यात गर उरत नाही. आंब्याच्या रसात सोडा ओतला की नुसता फेस येतो, कारण गराच्या कणाकणावर गॅसचे बुडबुडे धरतात.

सालीच्या वाट्यांत साखर भरून बरण्या उन्हात ठेवल्यावर सुटणारे अमृत कोकम घ्यावे. एक भाग अमृत कोकमाला चार भाग सोडा हे प्रमाण बहुतेकांना रुचते. अमृत कोकम उकळू नये. आचेने त्याचा रंग उतरतो. गवती चहा किंवा तुळस वेगळ्या साखरपाकात उतरवावी: पाक उकळून खाली घेतल्यावर पाने घालायची, वीसेक मिनिटे झाकायचे, गाळायचे आणि पूर्ण गार झाल्यावरच कोकमात मिसळायचे. पुदिना मात्र कुटू नये, तो कडवट होतो आणि काळा पडतो. तळहातावर ठेवून एकदा थोपटला की पुरे.

आता गॅसविषयी, कारण आपली बहुतेक पेये तिथेच फसतात. साध्या हवेच्या दाबाला ० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो. ३० अंशांना ०.७ लिटरही मावत नाही. म्हणजे सोडा, पाक आणि पेला, तिन्ही थंडगार हवेत. कोमट सोड्यात बर्फ टाकून हे साधत नाही. बर्फाच्या खरबरीत कडांवर गॅस सुटतो आणि पेय पाणचट होते. बर्फ वापरायचाच तर मोठे खडे, आणि खाण्याचाच.

वरून काळे मीठ आणि जिरेपूड भुरभुरण्याची सवयही सोडायला हवी. चिमूट पडताच पेला उतू जातो आणि उरते ते फक्त सरबत. भाजलेले जिरे पाकात मुरवून गाळावे, काळे मीठ त्यातच विरघळवावे. चव तीच राहते. काही ठिकाणी सोड्याचा खर्च वाचवायला खाण्याचा सोडा घालतात. तसे कोकमाला कधीही करू नये: आंबटपणा मरतो आणि तांबडा रंग काळपट जांभळा होतो.

वऱ्हाड यायच्या अर्धा तास आधी ट्रे भरून ठेवणे हा सर्वांत मोठा घात. पेल्यात पाक आणि पाने तयार ठेवा. सोडा दाराशीच, पेला तिरपा धरून, कडेने सोडा. लांब चमच्याने तळातून एकदाच वर उचला, ढवळू नका. यासाठी एक माणूस जास्त लागतो. त्याचा रोज कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहा आणि यजमानांना आधी एक पेला पाजून मगच दर सांगा.

तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांसाठी अमृत कोकम लागणार असेल, तर सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या घरगुती उत्पादकांकडे मागणी आत्ताच नोंदवा. पाऊस लागला की बरण्यांना ऊन मिळत नाही आणि झाडावरचे फळही भिजून वाया जाते.