गुडघा बरा आहे, बाकी?

परवाच्या रविवारी एका कार्यशाळेला जाऊन आले. विषय होता 'खेळाडूंचं मानसिक आरोग्य'. समोर बसलेले आम्ही म्हणजे फिजिओथेरपिस्ट, काही डॉक्टर, दहाबारा प्रशिक्षक आणि शाळांमधले पी.टी.चे सर. नाव नोंदवलं तेव्हा खरंच आनंद झाला होता, की चला, अखेर कोणाला तरी हा विषय सुचला. संध्याकाळी घरी आले ती मात्र चिडूनच. नवरा म्हणाला, "माझ्यावर ओरडण्यापेक्षा लिहून काढ." म्हणून हे लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

सकाळी आल्या आल्या सही. मग चहा-बिस्किटं, दीपप्रज्वलन, पाहुण्यांची ओळख (वीस मिनिटं!) आणि मग मुख्य भाषण. पडद्यावर एकामागून एक चित्रं. डोंगराच्या टोकावर उभा माणूस. सिंह. गरुड. परत सिंह. 'मन जिंकलं की मैदान जिंकलं.' जेवणानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या, पण पाच वाजता दुसरी सही करायला सगळे हजर. डॉक्टरांना क्रेडिट पॉइंट मिळाले, बाकीच्यांना सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट. अख्ख्या दिवसात 'नैराश्य' हा शब्द मी दोनदा ऐकला. 'आत्महत्या' हा शब्द एकदाही नाही.

आपल्याकडे डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत तीस पॉइंट जमवावे लागतात. कल्पना चांगलीच आहे. पदवी घेतली आणि पुस्तक मिटलं असं होऊ नये, म्हणून. पण शिकण्याचं मोजमाप सहीवर आलं की सहीच शिल्लक राहते. आणि या विषयात ते जास्त धोक्याचं आहे, कारण इथे दिवसभर सिंह आणि गरुड बघून माणूस घरी जातो तो 'मला आता हे कळतं' अशा समजुतीने.

माझं मूळ भांडण आहे ते इथे. मनोबल आणि मानसिक आरोग्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मनोबल म्हणजे शेवटच्या चढाईला हात थरथरू न देणं. ते शिकवता येतं, शिकवावंही. नाशिकच्या भीष्मराज बाम सरांनी ते आयुष्यभर शिकवलं. पोलीस खात्यातला माणूस, नेमबाजांपासून क्रिकेटपटूंपर्यंत कितीजण त्यांच्याकडे जायचे. २०१७ साली ते गेले. खेळातल्या मनाबद्दल मराठीत बोलायची सवय आपल्याला लावली ती त्यांनी, आणि त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण एकाग्रता शिकवणं आणि आजार ओळखणं ही दोन कामं आहेत. माझ्या धंद्यातलं उदाहरण देते. मांडीचे स्नायू दगडासारखे असलेल्या माणसाचाही गुडघ्यातला लिगामेंट फाटतो. फाटल्यावर त्याला "अजून बैठका मार" असं कोणी सांगत नाही. मनाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच सांगतो.

अभिनव बिंद्राचंच बघा. २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक. भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण. त्याच्यापेक्षा मनाने पक्का खेळाडू कुठून आणायचा? आणि पदक जिंकल्यावर आपल्याला पोकळी आणि नैराश्य आलं, हे त्याने स्वतःच नंतर अनेकदा सांगितलंय. विराट कोहलीने २०१४ च्या इंग्लंड दौऱ्याबद्दल असंच सांगितलं, सात वर्षांनंतर. आजूबाजूला इतकी माणसं असून एकटं वाटत होतं म्हणाला. म्हणजे ज्यांच्याकडे मनोबल खचाखच भरलेलं, त्यांनाही हे होतं.

आकडाच हवा असेल तर तोही आहे. २०१९ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात वरच्या पातळीवर खेळणाऱ्यांपैकी सुमारे ३४ टक्क्यांमध्ये, आणि निवृत्तांपैकी सुमारे २६ टक्क्यांमध्ये चिंता-नैराश्याची लक्षणं दिसली. लक्षणं म्हणजे आजारच असं नाही. पण दर तिघांत एक! माझ्याकडे सकाळी सहा खेळाडू व्यायामाला येत असतील तर त्यातले दोन.

आता मला का इतकं लागलंय ते सांगते. हे आजवर फक्त घरच्यांना माहीत होतं.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी यायची. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. कबड्डी खेळायची, वय सतरा, लिगामेंटचं ऑपरेशन झालेलं. गाव लांब, म्हणून मावशीकडे राहायची. पहिले दोन महिने तोंड बंद व्हायचं नाही तिचं. मग हळूहळू गप्प झाली. उशिरा यायला लागली. केस विंचरलेले नसायचे. "झोप झाली का गं?" म्हटलं की "हो ताई." मी वहीत काय लिहीत होते? गुडघा किती वाकतो ते. ११० अंश, १२० अंश, १३५ अंश. प्रगती उत्तम. मी स्वतःवरच खूश.

एक दिवस म्हणाली, "ताई, माझे बूट आणि सात नंबरची जर्सी त्या बारक्या पोरीला देऊन टाकली." मी हसून म्हटलं, "अगं वेडे, चार महिन्यांत तूच मागशील परत." ती पण हसली.

जिवापाड जपलेली वस्तू अशी सहज देऊन टाकणं ही धोक्याची खूण असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. साडेचार वर्षांच्या पदवीत, त्यानंतरच्या दोन वर्षांत आणि त्यापुढच्या डझनभर कार्यशाळांत ते मला कोणी शिकवलं नव्हतं. तिच्या मावशीला मात्र कळलं. कसं, ते मावशीलाच ठाऊक. रात्रभर तिच्या उशाशी बसून राहिली आणि सकाळी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. आज ती मुलगी छान आहे, शिकली, लहान मुलांना कबड्डी शिकवते. पण त्यात माझं श्रेय शून्य. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला जे दिसलं, ते मला आठवड्यातून पाच दिवस, रोज तास-तासभर समोर बसून दिसलं नाही. कारण मी गुडघा बघत होते.

म्हणून माझं म्हणणं असं, की हे शिक्षण आधी मानसतज्ज्ञांना नको, आम्हाला द्या. खेळाडूच्या अंगाला रोज हात लावणारे आम्ही. दिवसाचे चार-पाच तास त्याला बघणारे प्रशिक्षक. होस्टेलचे वॉर्डन. ताप आला की ज्यांच्याकडे जातात ते गल्लीतले डॉक्टर. मानसोपचारतज्ज्ञापर्यंत खेळाडू पोचतो तो आमच्या हातून. आम्हीच आंधळे असलो तर पुढचा माणूस कितीही हुशार असून काय उपयोग?

आणि शिकवायला साधन नाही असंही नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१९ साली या विषयावर तज्ज्ञांचं एकमताचं निवेदन काढलं आणि २०२० साली दोन साधनं दिली. एक आहे ओळखण्याचं. कुटुंबीय, प्रशिक्षक, फिजिओ, कोणीही वापरावं असं. विचार, भावना, वागणूक आणि शरीर यांत कोणते बदल दिसले तर सावध व्हायचं, एवढंच. दुसरं आहे तपासणीचं, डॉक्टरांसाठी. आधी दहा प्रश्न. गुण १७ किंवा जास्त आले तर पुढच्या प्रश्नावल्या: चिंता, नैराश्य, झोप, दारू, इतर व्यसनं, खाणंपिणं. हे कधी करायचं तेही सांगितलंय. हंगामाच्या सुरुवातीला, आणि शिवाय मोठी दुखापत, ऑपरेशन किंवा निवृत्ती असं काही घडलं की. ऑपरेशन! माझी मुलगी त्याच यादीत बसत होती. हे सगळं फुकट उपलब्ध आहे. परवाच्या कार्यशाळेत त्याचा उल्लेखही झाला नाही.

उलट बाजूनेही शिक्षण हवंय. मनाच्या डॉक्टरांना खेळ कळायला हवा. परीक्षेच्या भीतीने हात थरथरतात म्हणून आपल्याकडे प्रोप्रॅनोलॉल सर्रास लिहून देतात. तीच गोळी नेमबाजाने घेतली तर ते डोपिंग. नेमबाजी आणि तिरंदाजीत तर ती स्पर्धा नसतानाही चालत नाही. बिंद्राने सुवर्ण जिंकलं त्याच बीजिंगमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या नेमबाजाची दोन पदकं प्रोप्रॅनोलॉल सापडल्यामुळे काढून घेतली होती. लिथियम चालू असलेल्या पैलवानाने वजन उतरवायला पाणी तोडलं तर रक्तातलं लिथियम वाढून जिवावर बेतू शकतं. आणि याच्या अगदी उलटही घडतं. नैराश्यावर नेहमी दिली जाणारी एसएसआरआय गटातली औषधं बंदीच्या यादीत नाहीत, पण 'डोपिंगमध्ये अडकशील' या भीतीने खेळाडू त्यांना हात लावत नाहीत. हे त्यांना कोणी सांगायचं?

आता ठरलेले आक्षेप.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं." होतं काका, नाव नव्हतं. तुमच्याबरोबर खेळणारा तो एक जण अचानक खेळ सोडून गेला, त्याचं पुढे काय झालं ते कधी विचारलंत?

"असे लाड केले की पोरं नाजूक होतात." टोकियोत २०२१ साली सिमोन बाइल्सने सांघिक अंतिम फेरी अर्ध्यावर सोडली तेव्हा 'पळाली' म्हणणारे कमी नव्हते. हवेत असताना आपण कुठे आहोत हेच तिला कळेनासं झालं होतं. तशात उडी मारणं म्हणजे मान मोडून घेणं. तिने थांबायचं ठरवलं, तिच्या लोकांनी ते ऐकलं. २०२४ ला पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्ण आणि एक रौप्य घेतलं. नाजूक कसली डोंबलाची!

"असलं काही विचारलं तर नसलेला विचार डोक्यात यायचा." हा तर सगळ्यात घातक गैरसमज. जीव द्यायचे विचार येतात का, असं थेट आणि मायेने विचारल्याने धोका वाढत नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. बहुतेकांना विचारल्यावर सुटल्यासारखंच वाटतं. पण हा प्रश्न तोंडातून बाहेर काढणं अवघड असतं. मी आरशासमोर उभी राहून सराव केलाय, तरी पहिल्यांदा आवाज फुटला नव्हता. म्हणूनच हे भाषणाने येत नाही, जोड्या लावून करून बघावं लागतं. हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब कसा द्यायचा हे आम्ही पुतळ्यावर करून शिकतो, आणि ते सर्टिफिकेट दर दोन वर्षांनी नवं करावं लागतं. मनासाठी पुतळा नाही, पण शेजारच्या खुर्चीवर माणूस असतो की.

"प्रशिक्षक काय डॉक्टर आहे?" नाही, आणि त्याने होऊही नये. त्याला तीनच गोष्टी यायला हव्यात: बदल टिपणं, विचारणं, आणि योग्य माणसापर्यंत सोबत जाणं. आणि चौथी, खरं तर सगळ्यात महत्त्वाची: तोंड बंद ठेवणं. 'सरांना सांगितलं तर संघातून नाव जाईल' ही भीती उगाच नसते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांबद्दल गोपनीयतेचा हक्क दिलाय, पण निवड समितीच्या चहाच्या टेबलावर कायदा बसलेला नसतो. काय कोणाला सांगायचं नाही, हा अशा कोणत्याही शिक्षणातला पहिला धडा हवा.

तर पुढच्या वेळी कोणी अशी कार्यशाळा भरवणार असेल तर एवढंच करा. सिंह-गरुड काढून टाका. माणसं तीसच घ्या, पण दिवसभर सराव करून घ्या. ती ओळखण्याची यादी सोप्या मराठीत करून वाटा. आणि शेवटी प्रत्येकाकडून एका कागदावर लिहून घ्या, की आज रात्री अकरा वाजता एखाद्या खेळाडूचा फोन आला तर मी कोणाला फोन करीन. नाव आणि नंबर. काहीच सुचलं नाही तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास. तो कागद कोरा राहिला तर सर्टिफिकेट देऊ नका.

मी माझी वही बदलली आहे. अंशांच्या रकान्याशेजारी आता आणखी चार रकाने आहेत: झोप, जेवण, बोलणं, मैत्रिणी. आणि कोणी आपले बूट देऊन टाकले म्हणालं, की मी हसत नाही. हातातलं काम थांबवते, दार लोटून घेते आणि विचारते.