गाळप परवान्यात एक अट गोळ्यांसाठी

माननीय साखर आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे



क्षयरोगाचं पत्र साखर संकुलात कसं आलं, असं आपल्याला वाटेल. पण टीबीचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा आणि ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच. दिवाळीच्या आगेमागे बीडच्या एखाद्या वस्तीवर निदान होतं, पहिली पाकिटं गावात मिळतात आणि बाकीचा सगळा उपचार सांगली-कोल्हापूरच्या, नाहीतर थेट कर्नाटकातल्या फडात व्हायचा असतो.

तिथं पहाटे अंधारातच कोयता हाती घ्यायचा आणि रात्री-अपरात्री ट्रक आला की भरणीला उठायचं. चाळीस किलोच्या बाईला रोज तीन गोळ्या. त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोपीच्या कुडात खोचलेल्या. रिकाम्या पोटी घेतल्या की मळमळतं. लघवी केशरी-लाल होते. रिफाम्पिसिनमुळे तसं होतं हे कुणी सांगितलेलं नसेल, तर रक्त जातंय म्हणून ती धसकाच घेते. दोनेक महिन्यांत खोकला थांबतो, अंगात बळ येतं. नेमक्या त्याच सुमाराला पाकिटं संपतात. दवाखाना लांब, आणि गेलं की खाडा: दिवसाची मजुरी बुडते, वर दंड. खाडे पडू नयेत म्हणून गर्भाशय काढून घेतलेल्या बायकांची बातमी २०१९ मध्ये राज्यभर गाजली होती. त्या बायकांनी गोळ्यांसाठी मात्र खाडा पाडावा, ही अपेक्षा कोणत्या तोंडानं करायची? अर्धवट सोडलेल्या उपचारातून औषधाला दाद न देणारा टीबी उद्भवू शकतो, आणि एकेका कोपीत अख्खं कुटुंब झोपतं.

आरोग्य खातं हातावर हात धरून बसलेलं नाही. औषध फुकट आहे, निक्षय पोर्टलवर रुग्णाची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात वळवता येते, नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिना १००० रुपये मिळतात. पण टोळी कुठं उतरली हे पोर्टलला कळत नाही. ते कळतं कारखान्याच्या शेती विभागाला. कुठल्या गटात कुणाची टोळी, किती कोयते, सगळं चिटबॉयच्या वहीत असतं.

तळांची ही यादी हंगाम सुरू होताच त्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे गेली पाहिजे. उलट दिशेनं मात्र रुग्णांची नावं कारखान्याकडे येता कामा नयेत. मुकादमाला गोळ्यांवर देखरेख करायला लावण्याची कल्पना कुणी मांडलीच, तर ती कृपया फेटाळा. ज्याची उचल डोक्यावर आहे त्याच्यापासूनच हा आजार लपवला जातो. त्यापेक्षा टोळीतलीच, रुग्णाला चालेल अशी एखादी बाई नेमावी. तळ हलला तरी ती बरोबर असते. आणि दवाखान्यात गेल्याचा खाडा धरू नये. त्या दिवसाची मजुरी कारखान्यानं द्यावी.

उसाची रास्त किंमत (एफआरपी) थकली की आपलं कार्यालय गाळप परवाना अडवू शकतं. येत्या हंगामाच्या परवान्यात तळांच्या यादीची आणि खाड्याची अट घालावी, आणि ती कर्नाटकात जाणाऱ्या टोळ्यांना कशी लागू करायची हे तिथल्या ऊस विकास आयुक्तांशी आताच बोलून ठरवावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त आरोग्यसेवक, बीड जिल्हा