पोरं पाणी शोधतच जाणार!

उन्हाळ्याचा रविवार आला की अकोल्याची पोरं गाड्या काढून थेट वारी हनुमानला निघतात. आपला पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. नद्या कोरड्या, विहिरी तळाला. पोहायचं कुठं? मग वान नदीचा मामा-भाचा डोह. त्यानं किती लेकरं नेली, वारीत कोणालाही विचारा.

बातमी छापून आली की बोर्ड लावायची मागणी होते. बोर्ड वाचून पोरं माघारी फिरत नाहीत भाऊ! आपले बाप-आजे पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहणं शिकले. आता शिकवतं कोण? पोरं शिकतात ते रील पाहून.

सुटीच्या दिवशी डोहाकाठी दोन पट्टीचे पोहणारे, हवा भरलेले ट्यूब अन् जाड दोर. एवढ्याला कितीक खर्च येतो? जिल्हा प्रशासनानं मार्चच्या आत हे करावं.